दहा राग आणि एक डिस्को ठेका

१९८२ साली मुंबईत एक तबकडी ध्वनिमुद्रित झाली. नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. वादक चरणजीत सिंग, कंपनी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, म्हणजे आपल्या तोंडातली एचएमव्ही. भैरवी, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग. तंबोरा नाही, तबला नाही. सगळा कारभार तीन जपानी यंत्रांवर. तबकडी खपली नाही आणि लोक तिला विसरूनही गेले. पुढे २०१० साली ती नेदरलँड्समधून पुन्हा निघाली, आणि युरोपातल्या जाणकारांनी तिला डोक्यावर घेतलं.

ही गोष्ट सांगताना 'जगाने आपल्याला उशिरा ओळखलं' असा सूर लागतो. मला त्यात अर्धीच गोष्ट दिसते. ही तबकडी कुणी, कधी आणि कोणत्या कानांनी ऐकली, त्यात तिचा खरा इतिहास आहे.

आधी चरणजीत सिंग यांच्याविषयी. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले ते वादक. बास गिटार, गिटार आणि पुढे सिंथेसायझर वाजवणारे. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांकडे त्यांनी काम केलं. ज्या वाद्यवृंदात सॅबेस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड अशा आपल्या गोंयकारांनी हयात घालवली, त्याच जगातला हा माणूस. पडद्यावर नाव नाही, पण सूर घराघरात.

तो काळ डिस्कोचा. १९८० साली 'कुर्बानी' आला, नाझिया हसनचं गाणं गल्लोगल्ली वाजलं. १९८२ साली 'डिस्को डान्सर' आला. चित्रपटात सगळीकडे हाच ठेका चाललाय, तर तोच घेऊन त्यावर राग वाजवावेत, असं चरणजीतना वाटलं. हाताशी यंत्रं होती. रोलँड कंपनीचा ज्युपिटर-८ हा कळफलक, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही चांदीच्या रंगाची लहानशी पेटी. बास वाजवणारा साथीदार नसेल तर एकट्याला सराव करता यावा म्हणून ही टीबी-३०३ काढलेली. खऱ्या बासची सर तिला येईना, म्हणून कंपनीने १९८४ साली तिचं उत्पादन बंद केलं.

आता पहिलं ऐकणं, खरं तर न ऐकणं. ते का झालं असावं याचा विचार करताना मला बेळगावचा खडेबाजार आठवतो. गोव्यातल्या माणसाला खडेबाजार सांगायला नको. घरात लग्न ठरलं की घाट चढायचा, खडेबाजारात आणि गणपत गल्लीत कापडचोपड घ्यायचं, कुंदा बांधून घ्यायचा आणि परतायचं. त्या वर्दळीतल्या गाण्यांच्या दुकानांत रेकॉर्डी आणि कॅसेटी कशा लावलेल्या असायच्या ते अजून डोळ्यांपुढे आहे. एका फळीवर हिंदी चित्रपट, एका फळीवर कन्नड, मग मराठी नाट्यगीतं आणि अभंग, आणि कोपऱ्यात शास्त्रीय. चरणजीत सिंग यांची तबकडी यांतल्या कुठल्या फळीवर ठेवायची? शास्त्रीयवाला 'डिस्को' हा शब्द वाचून हात मागे घेणार. नाचणारा 'राग' वाचून घेणार. गाणारं कुणी नाही, चित्रपटाचं नाव नाही. मला वाटतं, ही तबकडी वाईट ठरली नाही, तिला जागाच मिळाली नाही. आणि ज्या वस्तूला फळी नाही तिच्यावर कुणी टीकासुद्धा करत नाही.

दुसरं ऐकणं दूरचं. एदो बाउमन या डच संग्राहकाला २००२ साली दिल्लीत ही तबकडी सापडली. पुढे त्याने चरणजीतना मुंबईत गाठलं, आणि २०१० साली आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलवरून ती पुन्हा काढली. युरोपातले ऐकणारे चक्रावले. कारण बंद पडलेली ती टीबी-३०३ शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांनी जुन्या बाजारातून स्वस्तात उचलली होती. तिची बटणं भलतीकडे फिरवून एक चिवचिवता, वळवळता आवाज काढला होता. 'फ्यूचर' या त्रिकुटाचं 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ साली निघालं आणि त्यातून 'ॲसिड हाउस' हा नृत्यसंगीताचा प्रकार उभा राहिला. आणि इथे मुंबईच्या १९८२ च्या तबकडीवर तसाच आवाज! काहींना ही चक्क बनवाबनवी वाटली. एफेक्स ट्विनसारख्या एखाद्या इंग्रज संगीतकाराने खोटं नाव घेऊन केलेली थट्टा असावी, असंही बोललं गेलं. शंका फिटल्यावर कौतुकाचा पूर आला. 'ॲसिड हाउसचा जनक' अशी पदवी मिळाली. सत्तरी ओलांडलेल्या चरणजीतनी युरोपातल्या मंचांवर हे राग पुन्हा वाजवले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. हयातीत कौतुक पाहायला मिळालं, एवढं तरी बरं.

पण ही पदवी मला पटत नाही. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती. चरणजीतनाही त्या संगीताची खबर नव्हती. एकच यंत्र दोन ठिकाणी दोघांच्या हाती लागलं, एवढंच. बापाची आणि मुलाची कधी भेटच नाही, तर बाप कसला? गीता दयाळ यांच्यासारख्या समीक्षकांनी तेव्हाच ही उत्साही वंशावळ तपासून घ्यायला सांगितलं होतं. शिवाय या कौतुकात रागांचा मान किती? 'पौर्वात्य', 'गूढ', 'धुंद' अशी विशेषणं वापरली की तोडी आणि यमन एकाच पोत्यात गेले.

गोवेकराला हा अनुभव नवा नाही. हणजुण-वागातोरच्या किनाऱ्यांवर ऐंशीच्या दशकात लॉरांसारख्या परदेशी मंडळींनी टेपा जोडून रात्रभर नाच रंगवले. मग गोवा गिल नावाने ओळखला जाणारा अमेरिकन त्या पंथाचा मठाधिपती झाला. तो २०२३ साली वारला. नव्वदीत 'गोवा ट्रान्स' हे नाव रूढ झालं आणि इंग्लंडपासून इस्रायलपर्यंत आल्बम निघाले. त्या संगीतात गोवा किती? ना मांडो, ना फुगडी, ना आमच्या देवळातलं कीर्तन. नाव आमच्या भूमीचं, कान दुसऱ्याचे. चरणजीतच्या तबकडीचं उलटं झालं. संगीत आपलं, आणि नाव ठेवलं दुसऱ्यांनी.

म्हणून तिसरं ऐकणं आपलं आपण करायला हवं. आपल्याकडचे दोन आक्षेप ठरलेले. पाच मिनिटांत राग कसला? आणि यंत्रावर राग कसला?

पहिल्याला उत्तर आपल्याच कपाटात आहे. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या. तेवढ्यात राग उभा राहतो, अंगावर काटाही येतो. आमच्या केरीच्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांच्या सोनेरी तबकडीवर अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. दुसऱ्याचं उत्तर हार्मोनियम. परदेशातून आलेली पेटी. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून १९४० पासून सुमारे तीन दशकं तिला आकाशवाणीवर बंदी होती. आज तिच्याशिवाय आपली मैफल होत नाही, आणि बोरीच्या तुळशीदास बोरकरांनी तिला काय गायला लावलं ते गोव्याला ठाऊक आहे. गंमत म्हणजे टीबी-३०३ वर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. हार्मोनियमला जे जमत नाही ते या पेटीला थोडंफार जमतं.

एकदा खडेबाजाराच्या मागच्या गल्लीतल्या एका परिचितांकडे मी ही तबकडी लावली. घरातले आजोबा जन्मभर भजनाला पेटीची साथ केलेले. नातू गणपतीच्या मिरवणुकीत साउंड सिस्टिम लावणाऱ्यांबरोबर फिरणारा. भूपाली सुरू झाला. आजोबांनी डोळे मिटून ऐकलं, बोटं मांडीवर चालली. मग म्हणाले, "सूर भूपाचे हायत की. पण भूप आणि देशकार, सूर तेच. गंधारावर विसावलास तर भूप, धैवतावर विसावलास तर देशकार. आणि हे मशीन विसावतच नाही, त्याला दम खायचं ठाऊक नाही." नातवाची तक्रार वेगळी. "आजोबा, ह्यात ठेका चढतच नाही. मिरवणुकीत लावलं तर पोरं उभी राहतील." मग जरा ऐकून म्हणाला, "पण खालचं ते फिरणारं भारी आहे." आजोबा हसले. "अरे, तो लेहरा आहे."

इतकी नेमकी समीक्षा मी दुसरीकडे वाचलेली नाही. तबल्याच्या एकल वादनात पेटी एकच ओळ फिरवत राहते, तसा टीबी-३०३ इथे रागाच्या सुरांचा लेहरा धरून बसते, आणि वरच्या कळफलकावर चरणजीत आलाप-तानांसारखं काही वाजवतात. उणीव ठेक्यात आहे. डिस्कोच्या चारही मात्रा सारख्याच जोराने पडतात. खाली नाही, म्हणून समेला येण्याचं सुख नाही. ललितमध्ये दोन मध्यम लागून येतात तिथे मात्र हा कोरडा ठेका उपकारक ठरतो. मागे काही पाझरत नाही, आणि दोन मध्यमांमधला ताण स्वच्छ दिसतो. यमन मला सपाट वाटतो. कलावती आणि बैरागी खुलतात. त्यांतला कलावती मूळ कर्नाटकी पद्धतीतला आणि बैरागी रविशंकरांनी प्रचारात आणलेला. म्हणजे 'शुद्ध परंपरे'च्या या यादीतही पाहुणे आहेतच. हे सीमेवरच्या बेळगावला तरी समजावून सांगायला नको.

१९५८ साली माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, आणि पाश्चात्त्य वाद्यमेळातून राग ऐकवले. पुढे तो बंद पडला. लोकांना अँथनी गोन्साल्विस हे नाव माहीत झालं ते अमिताभच्या गाण्यातून. त्यांच्या रागांचं काय झालं, हे कुणी फारसं विचारलं नाही. चरणजीतना निदान एक डच माणूस भेटला.

आपल्याकडे असल्या आणखी किती तबकड्या धूळ खात असतील. त्या सापडतील तेव्हा थोर ठरवायची घाई नको, नाक मुरडायचीही नको. आजोबांसारखे डोळे मिटून आधी एवढंच पाहावं, की सूर कुठे विसावतोय.