मचाण बांधलं कोणी?

रामदासपेठेत बसून मचाणावर बोलायचं म्हणजे थोडी गंमतच आहे. इथे मचाण बांधायचं तर आधी झाड शोधावं लागेल. पण १८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि साहेब लोकांच्या शिकारीला इथून मोठं रान मोकळं झालं. त्यांची पुस्तकं आपल्याकडे आहेत. कॅप्टन फॉर्सिथचं १८७१चं, वनाधिकारी डनबार ब्रँडरचं १९२३चं. अशा शिकारकथांत वाघ किती फुटांचा, गोळी कुठे बसली, हे सगळं येतं. मचाणाचं काम बहुधा एका वाक्यात आटोपतं. म्हणून आज आपण त्या वाक्यापाशी थांबू.

मुळात ही वस्तू शेतातली. ज्वारी निसवली की चार मेढी रोवायच्या, आडव्या बल्ल्या बांधायच्या, वर तट्ट्या टाकायचा. दिवसा पाखरांवर गोफण, रात्री डुकरांसाठी जागल. कुठे याला माळा म्हणतात, कुठे मचाण. शिकाऱ्याने तेच उचललं आणि झाडावर नेलं. अनेकदा तर गावातलीच बाज उचलून फांद्यांमध्ये दोरांनी आवळत, की झालं मचाण.

झालं म्हणतो खरं, पण ते सोपं नव्हतं. बारा-पंधरा फूट उंची हवी, वारा वाघाकडून आपल्याकडे हवा. खिळे ठोकायचे नाहीत, आवाज दूर जातो, सगळं बांधूनच. आडोशाला पाला लावायचा तो शक्यतो त्याच झाडाचा, कारण परका पाला लगेच नजरेत भरतो. उन्हाळ्यात आपल्याकडचा साग उघडा पडलेला, त्यामुळे नाल्याकाठचं हिरवं जांभूळ बरं. हे ज्ञान कुठल्या क्लबात मिळत नव्हतं. ते गावच्या शिकाऱ्याकडे होतं, गोंड माणसाकडे होतं, गुराख्याकडे होतं.

आणि आता आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. वाघाने मारलेल्या जनावराला, म्हणजे गाऱ्याला, किंवा बांधलेल्या हेल्याला धरून मचाण असे. साहेब संध्याकाळी वर चढला की बांधणारी माणसं मोठमोठ्याने बोलत गावाकडे निघत. का? तर जवळपास दडलेल्या वाघाला वाटावं, की माणसं गेली. विचार करा, बंदूक झाडावर, आणि खाली तिन्हीसांजेला त्याच रानातून चालत जाणारी ही माणसं. त्यांचं बोलणं हासुद्धा शिकारीचाच भाग होता. छायाचित्रात मात्र वाघाच्या डोक्यावर पाय साहेबाचा.

पुढे काळ बदलला. ताडोब्यात १९३५ साली शिकारीवर बंदी आली, १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली, तिच्यात नुसतं मारणं नाही. जनावर हाकणं आणि आमिष लावणंही आहे. म्हणजे आपला हाका आणि गारा दोन्ही कायद्यात येऊन बसले! गोळी न झाडताही गुन्हा.

मचाण मात्र राहिलं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसून प्राणी मोजायला तेच कामी आलं. चांदणं भरपूर, पाणी कमी, त्यामुळे जनावर येणारच. पुढे वाघ मोजायचं काम कॅमेऱ्यांकडे गेलं, आणि आता त्या रात्री शहरातली माणसं अनुभव घ्यायला बसतात. आम्हीही बसलो आहोत. डास चावले, चितळं दिसली, पहाटे चहा मिळाला.

पण परतताना, जंगलाची हद्द संपते तिथे, उन्हाळी पिकाच्या शेतात एक मचाण दिसलं. चार बल्ल्या, वर फाटकी ताडपत्री, भोवती कुंपणाला जुन्या साड्या. त्यावर एक गृहस्थ रात्रभर जागले होते. रोही आणि डुकरं हाकलायला त्यांच्याकडे एक टॉर्च आणि एक डबा होता. आम्ही विचारलं, काका, वाघ येतो का? म्हणाले, ‘येते ना. पण तो धान नाही खात. मले डुकराची भेव हाय.’

मग त्यांनी आमचं मचाण कसं होतं ते विचारलं. लोखंडी शिडी आहे म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं. त्यांचं त्यांनी स्वतः बांधलं होतं, एका दुपारी.