दंड घातलेलं लुगडं

लुगडं सगळीकडून एकदम फाटत नाही. कासोट्याकडे, बसण्याच्या जागी आणि पायाशी ते आधी विरतं. पदर, काठ आणि टोकांकडचं कापड धड राहतं. मुंबईत गिरगावातल्या किंवा परळमधल्या बाईला हे सांगावं लागत नसे. ती विरलेला भाग फाडून काढी, उरलेले धड तुकडे जोडी आणि लांबी अपुरी पडली तर दुसऱ्या जुन्या लुगड्याचा तुकडा लावी. या जोडाला दंड म्हणत. दंड असा घालायचा की नेसल्यावर शिवण निऱ्यांत जावी आणि बाहेरून काठाची रेघ अखंड दिसावी. पुढे ते नेसण्याजोगं उरलं नाही की काठ सोडवले जात आणि लेकीच्या परकराच्या घेराला, पोलक्याच्या बाहीला लागत. मधल्या कापडाची झबली-कुंची होत आणि राहिलेलं गोधडीच्या पोटात जाई. या कसबाला आपण काटकसर म्हणून मोकळे होतो. मला वाटतं, त्याचा इतिहास माणसांच्या स्वभावापेक्षा कापडात शोधावा: कापड ज्या घडणीचं होतं तिच्यावर हे कसब उभं राहिलं, आणि कापड बदललं तेव्हा मोडलं.

लुगडं, धोतर, उपरणं, पंचा ही सगळी बिनशिवणीची वस्त्रं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर सलग सूत, कुठेही कात्री न लागलेलं. जे एकदाही बेतलेलं नाही त्यातून पुढे काहीही बेतता येतं. शिवाय सुती कापड धुण्यागणिक मऊ होतं, म्हणूनच नव्या बाळाच्या अंगाला आधी जुनं कापड लावायचं ही रीत खात्यापित्या घरांतही होती. आणि परळची वस्ती तर कापडाचीच. १८५६ साली ताडदेवला कावसजी दावरांची गिरणी सुरू झाली, आणि पुढच्या काही दशकांत लालबाग-परळभोवती गिरणगाव उभं राहिलं. साचाखात्यात माग सांभाळणारे पुरुष, रिळिंग-वाइंडिंगला बसणाऱ्या बायका. ज्यांना कामावर सुताचा पीळ बोटाला कळे, त्यांच्या घरी मांजरपाट कुठवर टिकेल आणि मलमल कुठे दगा देईल हे ठरवायला दुसरं कोणी लागत नसणार. गोधडीतही ही जाण दिसते. आतले थर विरलेले असले तरी चालतात, वरचं कापड दमदार लागतं, आणि धावदोरा कडेपासून आत गोल फिरत जातो तेव्हाच थर सरकत नाहीत. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत ती पसरायची कुठे, हा खरा प्रश्न होता. त्याला उत्तर होतं खोलीबाहेरचा पॅसेज आणि गच्ची.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: ही सगळी गरिबी, तिला कसब कशाला म्हणायचं? टंचाई खरी होती. दुसऱ्या महायुद्धात कापड इतकं महागलं की १९४३ साली सरकारला कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये जुन्याचं नवं कसं करावं हे सांगणारी पुस्तिका सरकारने छापली. तिथे जे छापून शिकवावं लागलं ते इथे आधीपासून हातात होतं. गरज सुई हातात देते, हे मान्य. पण काठ घेराला लावायचा की बाहीला, हे गरज सांगत नाही. तो नजरेचा निर्णय आहे. जुन्या पैठणीतून लेकीचं परकर-पोलकं बेतणाऱ्या घरात तर कापडाची ददात नव्हतीच. दुसरा आक्षेप असा की शिवलेले कपडेही दुरुस्त होतच की. होत. शर्टाची कॉलर घडीवर विरली की ती उसवून, उलटी करून पुन्हा बसवत. पण त्याने शर्टाचं आयुष्य वाढे, शर्टाचं दुसरं काही होत नसे. तुकड्यांत आधीच कापलेलं ते कापड. म्हणून विजार-सदरे बोहारणीच्या गाठोड्यात जात आणि त्यांच्या बदल्यात भांडं घरात येई. त्या सौद्यातली घासाघीस पाहिली तर घराला आपल्या जुन्या कपड्याची किंमत किती नेमकी ठाऊक होती हे कळतं. तिसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही, आणि खोडूही नये. हे श्रम बायकांचे होते, दिवसभराच्या कामानंतरचे, बिनमोलाचे. कसबाच्या कौतुकात त्यांची रात्र झाकली जाऊ नये. उलट, त्यांच्या हाताला जे येत होतं त्याला ज्ञान म्हणावं, कारण पुढे कित्येक घरांत सिंगर किंवा उषाचं शिवणयंत्र आल्यावर त्याच ज्ञानावर चार पैसे मिळाले.

मग हे कसब मोडलं कशाने? हातात पैसा आला, तयार कपडे स्वस्त झाले, हे कारण अपुरं आहे. नऊवारीची सहावारी झाली तेव्हाच उरणारं कापड कमी झालं. साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलीन आणि नायलॉन आलं. ते फाटत नाही, विरत नाही आणि कितीही धुतलं तरी मऊ होत नाही. घाम शोषत नाही, सुईखाली निसटतं. बाळाच्या अंगाला ते चालत नाही, गोधडीत ऊब धरत नाही. नायलॉनच्या साडीला दंड घालायची वेळच येत नाही, आणि कंटाळा आला म्हणून टाकली तर तिचं करायचं काय हा प्रश्न राहतो. त्यातच १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. त्यांतल्या अनेकांना पुन्हा साच्यापाशी जाता आलं नाही. कापड ओळखणारी बोटंही अशी घरी बसली.

आज दादरला आईची जुनी पैठणी आणून तिचा ड्रेस किंवा नऊवारी शिवून घेणाऱ्या मुली दिसतात. त्यांची ओढ खरी आहे, आणि पेटीत पडून घडीवर कातरत जाण्यापेक्षा ते बरंच. फक्त शिवलेली नऊवारी एकाच कंबरेच्या मापाची असते. काष्टा कापून बसवलेला, निऱ्या टाचलेल्या, बाजूला हूक. ती उसवली तर हातात तुकडे येतात, सलग वार परत मिळत नाहीत.