सायकलचे दोन ब्रेक

मंडळी, मी बी.ए. झालेली मास्तरीण, कर्करोगावर मी काय लिहिणार? पण ही हकीगत इतिहासातली आहे, आणि तीत गणितही शाळेतलंच आहे.

१९७१ साली अमेरिकेत ह्यूस्टनला आल्फ्रेड नुडसन नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. विषय होता रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या दृष्टिपटलाचा कर्करोग. हाताशी होत्या ४८ मुलांच्या नोंदी. आजार कितव्या महिन्यात कळला, एका डोळ्याला झाला की दोन्ही, घराण्यात कुणाला होता का, अशी साधी माहिती.

त्यांनी वयांचे आलेख काढले. दोन्ही डोळ्यांना आजार झालेल्या मुलांचा आलेख सरळ रेषेत उतरला, एकाच डोळ्याचा असलेल्यांचा वळण घेऊन. यावरून त्यांनी ताडलं की हा रोग व्हायला दोन घाव बसावे लागतात. काही बाळं पहिला घाव घेऊनच जन्मतात, त्यांना पुढे एकच पुरतो. बाकीच्यांच्या एकाच पेशीवर दोन्ही बसावे लागतात. म्हणून त्यांना हा रोग क्वचित आणि उशिरा होतो.

सायकलचंच बघा ना. एक ब्रेक तुटला तरी दुसऱ्यावर निभावतं. दोन्ही गेले की उतारावर आपला ताबा राहत नाही. पेशीची वाढ रोखणाऱ्या जनुकाच्याही आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची.

हे जनुक प्रत्यक्ष हाती लागलं १९८६ साली, तेराव्या गुणसूत्रावर. पी-५३ नावाच्या जनुकाची कथा तर आणखी मजेची. त्याचं प्रथिन १९७९ मध्ये सापडलं आणि दहा वर्षं ते कर्करोग घडवणारं समजलं गेलं. १९८९ मध्ये कळलं, अरे, हा चोर नव्हे, हा तर पहारेकरी! माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत हाच पहारेकरी जायबंदी झालेला आढळतो.

आपल्याकडे बाळाला असं काही झालं की आधी आईकडे बोट जातं. ग्रहण पाळलं नाहीस, नाहीतर मागच्या जन्मीचं पाप. त्या आईला कुणीतरी सांगायला हवं, की बाई गं, यात तुझं काही चुकलं नाही. पुष्कळदा तर पहिला घाव आईबापांपैकी कुणाकडूनच आलेला नसतो, तो नव्यानेच घडलेला असतो.

आणि हो, फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत बाळाच्या डोळ्याची बाहुली पांढरी चमकताना दिसली, तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. दर वेळी तो कर्करोग असतो असं नाही, पण असलाच तर लवकर कळल्यावर बहुतेक मुलं वाचतात. नातवंडांचे फोटो बघताना एवढं लक्षात असू द्या.