हातचलाखीला दुभाषा हवा

मुठीतले नाणे नाहीसे करणाऱ्याला प्रेक्षकांची भाषा यावी लागत नाही. नाणे उजव्या हातात दिल्याचा अभिनय करून तो त्याच हाताकडे टक लावून पाहतो. साऱ्यांचे डोळे तिकडे वळतात आणि नाणे डाव्या हातातच राहते. नजर मराठी असो, तेलुगू असो की माडिया, ती एकाच रीतीने फसते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्याच्या निर्वासित वसाहतींत बंगाली, वडसा-आरमोरीकडे झाडीबोली आणि भामरागड-एटापल्लीच्या रानात माडिया बोलली जाते. अशा मुलखात जादूगाराचे काम सोपे, असे कोणासही वाटेल. आमचा अनुभव व वाचन मात्र आम्हांस निराळे सांगते. चमत्कार दाखवायला भाषा लागत नाही. तो चमत्कार नव्हता हे समजावायला लागते.

संत जॉन बॉस्को यांच्या चरित्रातील एक प्रसंग आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. बालपणी जत्रेतल्या खेळियांकडे पाहून ते कसरती व हातचलाखी शिकले होते. पुढे १८३० च्या दशकात किएरी येथे विद्यार्थिदशेत असताना त्यांच्या खेळांविषयी सैतानी विद्येची कुजबुज सुरू झाली आणि कॅनन बुर्झिओ यांनी त्यांना जाब विचारला. बॉस्कोंनी किती वाजले, असे विचारले. कॅननचे घड्याळ जागेवर नव्हते. एखादे नाणे मागितले, तर पैशांची पिशवीही गायब! दोन्ही वस्तू दिव्याच्या झाकणाखाली निघाल्या. त्या तेथे कशा गेल्या, हे बॉस्कोंनी लगेच सांगितले आणि कॅनन मनापासून हसले. आरोप तेथेच संपला. आम्हांस येथे एवढेच नोंदवायचे आहे, की आरोपी आणि न्यायाधीश एकच भाषा बोलत होते.

ती सोय नसली म्हणजे काय होते? १८५६ साली फ्रेंच सरकारने रोबेर-उदाँ या नामांकित जादूगाराला अल्जीरियात धाडले. मराबू म्हणविणाऱ्या तेथील धर्मपुरुषांचा लोकांवरील पगडा सैल करावा, हा हेतू. अल्जिअर्सच्या नाट्यगृहात त्याने एक लहानशी पेटी ठेवली व एका धडधाकट अरबाला ती उचलावयास सांगितले. पहिल्यांदा ती सहज उचलली गेली. मग रंगमंचाखालचा विद्युत्चुंबक चालू झाला आणि पेटी तसूभरही हलेना. पुढे एका तरुणाला अदृश्य करताच प्रेक्षक घाबरून पळत सुटले. ही सारी केवळ हस्तकौशल्याची करामत होती, असे अरबांना पटवून देण्याचे काम नंतर दुभाष्यांवर सोपविण्यात आले. सत्तेने आधी भेदरवावे व मागाहून समजूत घालावी, हा क्रम आम्हांस मुळीच रुचत नाही. परंतु दुभाष्यावाचून खेळ अपुरा राहतो, हे त्या धूर्त सरकारला कळले होते.

विदर्भात हे काम सत्तेने नव्हे, कार्यकर्त्यांनी हाती घेतले. १९८२ साली श्याम मानव यांनी नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा निघाला. १९८९ पासून डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनेही असेच प्रयोग राज्यभर केले. नारळाच्या शेंडीत सोडियमचा खडा दडवून पाणी शिंपडले, की नारळ पेटतो. पेजेत कालवून सुकविलेली राखेची गोळी बोटांच्या बेचक्यात धरली, की रिकाम्या हातातून विभूती निघते. प्रयोग करून लगेच त्यामागील युक्ती उलगडायची, ही पद्धत.

पण उलगडायची कोणत्या शब्दांत? आमच्या मराठीतला ‘जादू’ हा शब्दच दुतोंडी आहे. जादूच्या प्रयोगांचे आपण तिकीट काढतो आणि जादू करते म्हणून म्हातारीला झोडपतो. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना बांधून मारहाण झाली. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून दोघांना जाळून मारण्यात आले. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. तो मराठीत आहे. माडिया पाड्यावर पाहुण्याने हातातून राख काढली आणि त्याचे पुढचे मराठी भाषण कोणास कळले नाही, तर मागे उरेल ती फक्त राख. संशयाला आणखी एक पुरावा!

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे हातचलाखी दाखवायला गेले नव्हते. पण अनोळखी माणसाच्या हातातली सुई ही त्याची भाषा न जाणणाऱ्याला जादूहून वेगळी कशी वाटावी? प्रारंभी माडिया लोक त्यांच्यापासून दूरच राहत. दोघांनी माडिया भाषा शिकून घेतली, आणि मग दुखणे काय, औषध कशाचे, हे बोलता येऊ लागले.

प्रत्येक फिरत्या कार्यकर्त्याला एवढी वर्षे देता येणार नाहीत. त्याच्यापुरता एक मार्ग आम्हांस दिसतो. खेळ दाखविण्याआधी गावातल्याच एखाद्या पोराला किंवा शिक्षकाला बाजूला घ्यावे, त्याला राखेची गोळी वळायला, ती बेचक्यात लपवायला शिकवावे आणि प्रयोग त्यालाच करू द्यावा. त्याच्या हातून गोळी दोन-चारदा खाली पडेल, मंडळी हसतील. मग कोणीतरी म्हातारा पुढे होऊन हे कसे केलेस, असे आपल्या भाषेत त्यालाच विचारील, आणि पाहुण्याला एक अक्षरही बोलावे लागणार नाही.