'स्वामी'तली रमा आणि मागे राहिलेल्या जणी

रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ साली आली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या पिढीत ती न वाचलेलं माणूस शोधावंच लागेल! वाचनालयातल्या प्रतीची पानं सुटलेली असायची, तरी नंबर लावून वाचत होतो. पुढे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मालिका आली आणि ज्यांना वाचनाचा कंटाळा, त्यांच्याही घरात रमा-माधव जाऊन बसले.

मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. इतिहासाच्या पुस्तकात थोरल्या माधवरावांच्या वाट्याला पान-दीड पान यायचं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगावर पेशवाईची वस्त्रं आली. पुढची अकरा वर्षं म्हणजे नुसती धावपळ. १७६३ साली राक्षसभुवनला निजामाचा पराभव, कर्नाटकात हैदरअलीवर स्वाऱ्या, १७६८ साली धोडपला सख्ख्या काकाशी लढाई आणि त्याला शनिवारवाड्यात नजरकैद. १७७२ च्या सुरुवातीला महादजी शिंद्यांनी बादशहाला परत दिल्लीच्या गादीवर बसवलं. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला थेऊरला क्षयानं माधवराव गेले. वय अवघं सत्तावीस. हा मृत्यू मराठी राज्याला पानिपताइतकाच महागात पडला, असं ग्रँट डफनं लिहून ठेवलं आहे.

मुलं ही सनावळी पाठ करायची आणि परीक्षा झाली की विसरायची. 'स्वामी' वाचलेली मुलं मात्र विसरत नसत. कारण कादंबरीनं त्या पेशव्याला घर दिलं, दुखणं दिलं, रुसणारी-हसणारी बायको दिली. मी वर्गात सांगायची, "लढाया कागदपत्रांतल्या आहेत, पण महालातलं बोलणं लेखकाचं आहे. दोन्हींत गल्लत करू नका." मुलांना ते पटकन समजायचं.

पण रमाबाई सती गेल्या, हे काही लेखकाच्या कल्पनेतलं नाही. ते घडलेलं आहे. थेऊरला नदीकाठी तिचं वृंदावन आहे. लेखकाची करामत आहे ती हे सांगण्यात. सगळी कादंबरी दोघांच्या प्रेमाची अशी वीण घालत आणते की शेवटी ते चितेवर जाणं आपल्याला प्रेमाची पूर्तता वाटू लागतं. आपण डोळे पुसतो, पुस्तक मिटतो. आगीचा चटका काही लागत नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या नातीनं 'स्वामी' वाचली. ती रडली नाही. म्हणाली, "आजी, तिला कुणी अडवलं नाही का गं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. कारण त्याच काळात अडवल्याचं उदाहरण आहे. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले, तेव्हा सती निघालेल्या अहिल्याबाईंना सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, थांबवलं. पुढे त्या बाईनं १७९५ पर्यंत राज्य सांभाळलं, देशभर घाट आणि देवळं बांधली. खुद्द पेशव्यांच्या घरात पाहा. बाळाजी विश्वनाथांच्या मागे राधाबाई राहिल्या. पहिल्या बाजीरावांच्या मागे काशीबाई अठरा वर्षं जगल्या, त्यांनी चासला सोमेश्वराचं देऊळ बांधलं. नानासाहेबांच्या मागे गोपिकाबाई राहिल्या. सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले तरी पार्वतीबाई ते परत येतील या आशेवर राहिल्या. म्हणजे सती जाणं हा त्या घरचा नियम नव्हता. मग या साऱ्या जणींचं नवऱ्यावर प्रेम कमी होतं, असं म्हणायचं का?

रमाबाई स्वखुशीनं गेल्या, असं आपण सहज म्हणतो. पण मागे राहिलं तर पुढ्यात काय होतं, तेही बघायला हवं. मूल नाही, वय माधवरावांहूनही लहान. ब्राह्मण घरातल्या विधवेला केशवपन, आलवण आणि उरलेला जन्म माजघराचा कोपरा. एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला सतीचा मान. अशा निवडीला खुशी म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

हे सगळं जुनं झालं असंही नाही. १८२९ साली बेंटिंकनं बंगालात सतीबंदी केली, पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यातही ती लागू झाली. तरीही ४ सप्टेंबर १९८७ ला राजस्थानात देवराळा गावी अठरा वर्षांची रूपकंवर नवऱ्याच्या चितेवर जळाली आणि तिच्या नावानं हजारोंची गर्दी लोटली. त्यानंतर जो कायदा झाला, त्यात सतीचं उदात्तीकरण हाही गुन्हा ठरला. त्या दिवसांत आमच्या शिक्षक खोलीत यावर वाद चालला होता आणि एकजण म्हणाले, "अहो, रमाबाईसुद्धा गेल्या होत्याच की!" चांगली शिकलेली, वाचणारी व्यक्ती. कादंबरी मनात किती खोल जाते, ते मला त्या वाक्यानं कळलं.

हे जाऊन आता नऊ वर्षं झाली. पहिलं वर्ष कसं गेलं ते माझं मला ठाऊक. पेन्शनचे कागद, बँकेतल्या सह्या, सकाळी एकच कप चहा. मग हळूहळू नातीचा अभ्यास, बाग, हे लिखाण. यांची आठवण आली नाही असा दिवस नाही. मागे राहून रोजचं जगणं रेटणं हेही प्रेमातच मोडतं, हे मी अनुभवानं सांगते. त्यावर कादंबऱ्या फारशा निघत नाहीत, एवढंच.

म्हणून 'स्वामी' वाचू नये का? अवश्य वाचावी. तिच्यामुळे हजारो मराठी माणसं इतिहासाकडे वळली. घरातल्या मुलींच्या हाती ती जरूर द्या. फक्त वाचून झाल्यावर त्यांना काशीबाईंचं, पार्वतीबाईंचं आणि अहिल्याबाईंचंही सांगा. नातीला मी आता अहिल्याबाईंचं चरित्र आणून दिलं आहे.