डेम्लो संख्या : १२३४५६७८९८७६५४३२१

नऊ एककांच्या १११११११११ या संख्येचा वर्ग. देवळालीचे शाळाशिक्षक, गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अभ्यासलेल्या डेम्लो संख्यांपैकी ही सर्वांत देखणी. हे नाव त्यांनी डोंबिवली स्थानकावरून ठेवले. संख्या १७ अंकी असून उलटसुलट सारखीच वाचली जाते. अंकांची बेरीज ८१. संख्येलाही ८१ ने निःशेष भाग जातो. अवयव : ३⁴ × ३७² × ३३३६६७², म्हणून विभाजक ४५. खरे सौंदर्य पुढे आहे : उजवीकडचे नऊ अंक तोडून ९८७६५४३२१ मध्ये उरलेले १२३४५६७८ मिळवल्यास ९९९९९९९९९ येतात, कारण मूळ संख्या १०⁹ − १ च्या पटीत आहे. दहा एककांच्या वर्गात हातचा येतो आणि ही चढउतार मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१.