डब्यातला कोरडा घास

अलीकडे तालुक्याच्या कचेऱ्यांतून, बँकांतून आणि शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीतून एक प्रघात पडला आहे. एखाद्या शनिवारी प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ करून आणायचा, टेबलावर मांडायचा आणि सर्वांनी मिळून चाखायचा. ताट-वाटीचा खटाटोप नसतो, म्हणून पदार्थ बोटांनी उचलून तोंडात टाकता येईल असा हवा. मग कुणी रुपयाएवढी थालीपिठे थापते, कुणी कोथिंबिरीच्या वडीत ज्वारीचे पीठ घालून बघते. तुम्ही म्हणाल, यात इतिहास तो काय? आहे, आणि तो फार जुनाही नाही.

दशमी तुमच्या घरी होत असेल. तिचे पीठ दुधात भिजवतात. ती मऊ राहते, प्रवासात टिकते, हे खरेच. पण एवढेच कारण नव्हते. पाण्यात शिजलेल्या अन्नाला विटाळ लवकर होतो, भाताला तर सोवळे हवेच; दुधात भिजवलेले, तुपातेलात तळलेले किंवा नुसते भाजलेले अन्न त्या मानाने निर्धोक, अशी समजूत होती. त्यामुळे भात ज्याच्या हातचा चालत नसे, त्याचे फुटाणे चालत. ही सवलतही अस्पृश्य मानलेल्यांच्या वाट्याला आली नाही, हे मात्र विसरू नका. माझ्या मते कोरड्या खाऊने जातीचा नियम मोडला नाही, फक्त त्याला पळवाट दिली.

नियम मोडायचा तर पाण्यात मळलेलेच काहीतरी खायला हवे होते. 1849 साली मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग हे तिच्या प्रमुख मंडळींपैकी. सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खायचा, हीच दीक्षा! पण हे सारे गुपचूप. 1860 च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, गुपित फुटले आणि सभा मोडली. एका घासाची केवढी दहशत!

तीस वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1890 रोजी, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कुणी प्यायले, कुणी नुसता पेला घेतला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवली. त्यांत टिळक होते, रानडे होते. पुण्यात ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि 1892 साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले.

ही शिकलेल्यांची गोष्ट झाली. गिरणीत काय होते? छप्पर एक, भोंगा एक, पण पाण्याची भांडी वेगळी. विणकामाच्या खात्यात मजुरी बरी मिळे, तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि एकाच्या तोंडाचा धागा दुसऱ्याने कसा ओढायचा? म्हणजे विटाळ पोटात जाणाऱ्या घासापुरता राहिला नव्हता, तो पोटाला मिळणाऱ्या घासावरच आला होता. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ठणकावून मांडला.

पुढे 1948 च्या कारखाना कायद्याने दीडशेहून अधिक कामगार असतील तिथे डबा खाण्याची खोली बंधनकारक केली. खोली कायद्याने मिळते. कोण कुणाशेजारी बसतो, कोण कुणाच्या डब्यात हात घालतो, हे काही कायद्यात लिहिता येत नाही.

म्हणून शिक्षकमंडळींना एक सुचवतो. पुढच्या शनिवारी प्रयोग करायचाच, तर भाकरीचा करा. सोलापूरकडे पातळ भाकरी कडक वाळवतात, ती कितीतरी दिवस टिकते. तिचे दोन बोटे रुंदीचे तुकडे करा आणि प्रत्येकावर एकेक पाटवडी ठेवा. ही भाकरी पाण्यातच मळलेली असते बरं का! आणि शाळा झाडणाऱ्या बाईंना उरलेले देण्यासाठी शेवटी हाक मारू नका. त्यांनाही एक पदार्थ आणायला आधीच सांगा, आणि त्यांचा डबा टेबलाच्या मधोमध ठेवा.